पंतांचे पाय

पंत म्हणजे आमच्या पुण्याच्या घरातला ससा. न्यूझीलंड व्हाइट जातीचा, पांढराशुभ्र आणि वजनाने साडेपाच किलो. येणाराजाणारा "ससा आहे की मेंढरू?" असे विचारी आणि आम्हाला मूठभर मांस चढे. त्या भरात बिस्किटे कोण चारीत होते, ते मी इथे लिहीत नाही.

पंतांची एक खोड होती. कुकरची शिट्टी झाली, की मागचा पाय धाडकन जमिनीवर आपटायचा. 2023 च्या जानेवारीत आम्ही हॉलमधली जुनी सतरंजी काढून गुळगुळीत टाइल्स बसवल्या. पावसाळ्यापर्यंत पंतांचे आपटणे थांबले. "शहाणे झाले हो!" असे मी सगळ्यांना सांगत सुटले.

सप्टेंबरात एकदा सासूबाई त्यांना मांडीवर घेऊन कुरवाळत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. मागच्या दोन्ही टाचांवरचे केस झडून रुपयाएवढे लाल चट्टे पडले होते. एकाला ओल होती.

"ह्यांच्या पाठीला असंच झालं होतं," त्या हळूच म्हणाल्या. सासरे शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळले होते. त्या जखमा सासूबाईंनीच धुतल्या होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. कुत्र्यामांजरांच्या तळव्यांना गादी असते, सशाला नसते. केस हीच त्याची वहाण. त्यात जड अंग, कडक जमीन आणि वाढलेली नखे. शिवाय दुखले तरी ससा बोंब मारीत नाही. "घरातली मलमं-गोळ्या देऊ नका," त्यांनी बजावले. "पेनिसिलिनसारखं औषध तोंडावाटे गेलं, तर त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात, आणि मग ससाही." त्यांनी नखे कापली, जखम धुतली, दुखण्यावरचे औषध वजनावर मोजून दिले. जखमेभोवतीच्या केसांना मात्र कात्री लावली नाही. बँडेज पंतांनी रिक्षातच सोडले.

खरे काम घरी होते. सासूबाईंनी ट्रंकेतून सासऱ्यांची गोधडी काढली. "ती राहू दे हो," मी म्हटले.

"ठेवून काय करू?"

गोधडी हॉलमध्ये आली. पंतांनी दोरे कुरतडू नयेत म्हणून तिच्यावर वाळल्या गवताचा जाड थर. ओले झालेले गवत सकाळ-संध्याकाळ काढायचे. बिस्किटे बंद, गवत हेच जेवण. दिवाळीच्या फराळाला पाहुणे आले, तेव्हा हजारो रुपयांच्या टाइल्सवर गोठा पसरलेला! मी ओशाळले. सासूबाईंनी गवत बाजूला सारून पाहुण्यांना वाट करून दिली, एवढेच.

चट्टे सुकायला डिसेंबर उजाडला. टाचांवर केस काही पूर्वीसारखे आले नाहीत, आणि गोधडीही हॉलमधून उठली नाही.

एका दुपारी वरणाचा कुकर लावला होता. तिसरी शिट्टी झाली आणि हॉलमधून आवाज आला, "धप्."

"पंत रागावले वाटतं," सासूबाई देवघरातून म्हणाल्या. मी गॅस तसाच ठेवला आणि आणखी एक शिट्टी होऊ दिली.