१८७६ पासून ‘नॉट रीचेबल’!

ऑफिसमधल्या कुणी दोन दिवस फोन उचलला नाही, तर आपण त्याच्या नावाने बोंब मारतो. हा पठ्ठ्या १८७६ पासून गायब आहे, पण त्याला अधिकृतपणे ‘गेला’ म्हणायला अजून कुणी तयार नाही. नाव हिमालयन क्वेल, म्हणजे पहाडी बटेर. आपल्या लाव्याचा डोंगरातला भाऊबंद. आकाराने साळुंकीएवढा, नर काळसर राखाडी, कपाळ नि भुवई पांढरी, चोच आणि पाय लाल. एकदम स्टायलिश!

१८४६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, तेही अर्ल ऑफ डर्बीच्या इंग्लंडमधल्या खासगी प्राणिसंग्रहातल्या पक्ष्यांवरून. पुढे १८६० च्या दशकात तो मसुरीजवळ मिळाला आणि १८७६ मध्ये नैनितालच्या शेर-का-डांडा उतारावर. ‘मिळाला’ म्हणजे बंदुकीने, हे सांगायला नकोच. त्यानंतर खात्रीची एकही नोंद नाही. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून उरलेत जेमतेम डझनभर नमुने.

मागे एका ट्रॅव्हल स्टोरीसाठी मसुरीला गेले होते. हॉटेलांचे फोटो काढून झाल्यावर मॉल रोडचं शॉपिंग सोडून मित्राला ओढत बेनोगच्या डोंगरावर नेलं. जुन्या नोंदींतला पत्ता याच भागातला. मित्र वैतागला. म्हणाला, “अगं, दीडशे वर्षं झाली. मूव्ह ऑन कर ना!”

नाही करायचं! याचं कारण आपल्याच महाराष्ट्रात आहे. रानपिंगळा १८८४ नंतर असाच बेपत्ता होता. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं होतं. आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. तब्बल ११३ वर्षांनी, झाडावर मस्त बसलेला! त्या आधीच ‘नामशेष’चा शिक्का पक्का मारून टाकला असता, तर त्याला शोधायला कोण गेलं असतं? शिक्का बसला की शोध थांबतो आणि मग त्या जंगलाची काळजीही हळूहळू थांबते. पहाडी बटेर अजून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे, ते बरंच आहे. २०१५ मध्ये तर संशोधकांनी चीर फेजंट आणि मोनाल कुठे राहतात त्यावरून याचे संभाव्य पत्तेही काढले.

अडचण एवढीच, की स्वारी फार लाजाळू. उभ्या उतारावरच्या उंच गवतात राहायची, चाहूल लागली की पळायची आणि अगदी पाय पडायची वेळ आली तरच उडायची. बेनोगवर आम्हाला भेटलेले सगळे पायवाटेवरूनच चालत होते. गवतात कोण उतरणार? उतार बघूनच माझे पाय लटपटले.

खाली काहीतरी सळसळलं. मित्र म्हणाला, “वारा.” असेलही. मी मोबाइल सायलेंटवर टाकला आणि पंधरा मिनिटं तिथेच बसून राहिले.