गोठ्यात मोकळं, घरात मुकं

शेतकऱ्याच्या घरात जनावराच्या अंगधर्माची लाज कधी नव्हती आणि आजही नाही. गाय हंबरायला लागली, चाऱ्यावरनं मन उडालं, शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ बळस दिसला, की घरातलं शाळकरी पोरही सांगतं, "आई, तांबडी माजावर आलीय." मग चहा पिता पिताच हिशेब होतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर उद्या सकाळी. २१ दिवसांनी पुन्हा माज दाखवला तर उलटली म्हणायचं. गाभण राहिली तर गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस. सासऱ्यापुढे डोईवरचा पदर ढळू न देणारी सूनही हे सगळं सासऱ्याला सांगते आणि सासराही लगेच डॉक्टरला फोन लावतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्याच घरात त्याच सुनेच्या अंगावर पांढरं जायला लागलं, नवऱ्याजवळ गेलं की दुखायला लागलं, तर मात्र तिला तोंड उघडायला जागा नसते. सासूला सांगावं तर "आम्ही नाही का सोसलं?" नवऱ्याला सांगावं तर तो कूस बदलून झोपतो. आईला सांगावं तर आई म्हणते, "हळू बोल, भिंतीला कान असतात." माझं लग्न १९७९ साली झालं. तेव्हापासून गोठा आणि घर या दोन्हींचं मी बघत आले आहे आणि एक गोष्ट मला कायम सलत राहिली. गाईच्या दुखण्याला आपल्याकडे नाव आहे, बाईच्या दुखण्याला मात्र नुसतं "बायकी दुखणं" म्हणायचं आणि गप्प बसायचं.

कुणी म्हणेल, आपले लोक पहिल्यापासून लाजाळू आहेत. मला ते पटत नाही. आमच्या लहानपणी मुलीला न्हाण आलं की तिला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, आळीतल्या बायका गाणी म्हणायच्या. डोहाळजेवण आजही गाजावाजा करून होतं. हळदीला बायका एकमेकींची जी थट्टा करतात ती इथे लिहिता यायची नाही. शिमग्याला तर बापे भर चावडीपुढे बोंबा मारायचे, आणि आईबहिणीवरनं शिव्या देणारा माणूस बारा महिने पारावर बसलेला असतोच. म्हणजे गाणं चालतं, थट्टा चालते, शिवीसुद्धा चालते. चालत नाही तो फक्त साधा, सरळ, खरा शब्द. मखरात बसलेल्या मुलीला हे रक्त कशाचं, दर महिन्याला का येणार, हे त्या गाणी म्हणणाऱ्यांपैकी एकीनंही सांगितलं नव्हतं. "कावळा शिवला, चार दिवस बाजूला बस," एवढंच शिक्षण.

या मुकेपणाची किंमत किती मोजावी लागते, ते थोडं मोजून बघू.

गाईचा बळस स्वच्छ असला तर ठीक. गढूळ, पुवासारखा दिसला तर पिशवीत दोष आहे, आता भरवू नका, औषध करा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या धाकट्या जावेनं असाच गाईचा दोष ओळखून डॉक्टर बोलावला होता. त्या वेळी तिला स्वतःला धुपणीचा त्रास सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. कंबर धरून ती खुरपायला यायची, पण घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी सोसवेना तेव्हा तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेली. तिथं "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितलं आणि बत्तिसाव्या वर्षी पिशवी निघाली. आधी साधी तपासणी, औषधगोळ्या काही नाही. गाईची पिशवी धुवायला आपण तीन वेळा डॉक्टर बोलावतो. बाईला मात्र एका खेपेत कापून मोकळी केली.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ती पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ होत्या. बाकीच्या सोसत होत्या. पुढे २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा बोभाटा झाला, तेव्हा सरकारनं चौकशी समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यात गरिबी आहे, मुकादमाची उचल आहे, दवाखान्यांचा लोभ आहे. पण दुखणं सुरू झालं त्या दिवशीच बोलता आलं असतं, तर यांतल्या कितीतरी जणी गोळ्यांवर बऱ्या झाल्या असत्या.

दुसरी किंमत सुनेनं मोजायची असते, मूल झालं नाही म्हणून किंवा मुलीच झाल्या म्हणून. आमच्या भावकीतल्या एका थोरल्या जावेला सात वर्षं मूल झालं नाही. तिला माहेरी धाडलं आणि दुसरी केली. दुसरीलाही झालं नाही. तिचेही उपासतापास, अंगारेधुपारे झाले, पण धन्याला तपासा, हे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. गाय तीनदा उलटली तर आपणच म्हणतो की गाईत दोष नसेल, रेतच बरोबर नसेल, दुसरं आणा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बीजातही काही ना काही उणीव निघते, असं डॉक्टर सांगतात. तिची तपासणी सोपी आणि स्वस्त असते. पण ती करायची म्हणजे पुरुषाच्या पुरुषपणाला हात लावल्यासारखं होतं, म्हणून पहिली गेली, दुसरी रडली आणि तिसरी आणायचीही भाषा झाली.

मुलगा-मुलीचं तर आपल्याला गोठ्यातच कळलेलं आहे. आता फक्त कालवडी व्हाव्यात म्हणून निवडलेलं रेत मिळतं. जास्तीचे पैसे मोजून आपण ते आणतो आणि शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. म्हणजे कालवड की गोऱ्हा हे गाय ठरवत नाही, नराचं बीज ठरवतं, हे आपल्याला पैसे मोजण्याइतकं पक्कं माहीत आहे. माणसाचंही तसंच आहे. बाईच्या बीजाचा एकच प्रकार, पुरुषाच्या बीजाचे दोन. त्यांतला कुठला जुळला यावर मुलगा की मुलगी ते ठरतं. तरीही तिसरी मुलगी झाली की बोलणी सून खाते. नवऱ्यालाही बोलू नये, कारण ते कुणाच्याच हातात नसतं. पण निदान सुनेची सुटका करावी.

तिसरी किंमत पुरुष मोजतात. एसटी स्टँडच्या मागं, रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती आपण पाहिल्या आहेत. झोपेत वीर्य गेलं की सोळा-सतरा वर्षांच्या पोराला वाटतं, आपली ताकद चालली. खरं तर वयात आलेल्या मुलाचा तो शरीरधर्म आहे, त्यानं काही अशक्तपणा येत नाही. पण बापाला विचारायची सोय नाही. मग तो भिंतीवरच्या वैदूकडे जातो आणि कापूस विकून आलेला पैसा तिथं घालवतो. आता तर हातात मोबाईल आला आहे. त्यात नको ते बघून पोरगा तेच खरं समजतो आणि नव्या नवरीकडून तशीच अपेक्षा धरतो. बापानं शब्द टाळला, म्हणून पोराला असले गुरू भेटले.

चौथी गोष्ट माझ्या घरातली आहे. माझ्या मुलाला दोन लेकरं झाली, दोन्ही मुली. तो म्हणाला, "आता बास. ऑपरेशन मी करून घेतो, हिचं दोन वेळा सिझर झालंय." घरात वणवा पेटला. थोरले दीर म्हणाले, "बडवलेला बैल औताला चालतो, पण नर राहत नाही." इथंही बैलाचीच उपमा, पण ती चुकीची आहे. बैल खच्ची करताना चिमट्यानं शीर चेंगरतात, रक्त तुटतं आणि वृषण सुकून जातं, म्हणून त्याचा नरपणा जातो. पुरुषाच्या नसबंदीत वृषणाला कुणी हात लावत नाही. बीज वाहून नेणारी बारीक नळी तेवढी बांधतात. दाढीमिशा, ताकद, इच्छा, सगळं होतं तसं राहतं. जागा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. आठवडाभर जड ओझं उचलायचं नाही आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून डॉक्टर हिरवा कंदील दाखवीपर्यंत निरोध वापरायचा, एवढंच पथ्य. बाईचं ऑपरेशन पोटातलं असतं, त्याहून हे कितीतरी सोपं.

दिरांच्या बोलण्यामागं भीतीही होती, ती मी नाकारत नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका सालात देशभर ८० लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली आणि त्यांतली बहुतेक पुरुषांची होती. लोकांना धरून नेलं, त्याची दहशत खेड्याखेड्यांत बसली. पण ती बसल्यावर कुणी मोकळेपणानं समजावलं नाही आणि सगळा भार बाईवर आला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर विवाहित बायकांत जवळपास ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. नवऱ्यानं करून घेतलेलं असं हजारात तीन घरी. माझ्या मुलानं करून घेतलं, त्याला आता सहा वर्षं होतील. तो आजही पोत्याची थप्पी लावतो. भावकीतले दोघे त्याला गुपचूप विचारून गेले. गुपचूपच, पण गेले.

हे सगळं उघड बोलावं, असं सांगणारा माणूस आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं आणि त्यापायी कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ साली देह ठेवीपर्यंत चालवलं. अश्लील लिहितो म्हणून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. जे शब्द लिहिल्याबद्दल त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं, ते शब्द आज आशाताईंच्या तक्त्यावर छापलेले असतात. पण तक्ता दवाखान्याच्या भिंतीवरच राहतो, घरात येत नाही.

माझ्या मायबहिणींनो, बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर सगळं बोलायचं, असं मी म्हणत नाही. आड पडदा हवाच, पण त्या पडद्याआड अंधार नको. मुलीला पहिली पाळी येण्याआधीच, दहाव्या-अकराव्या वर्षी, आईनं किंवा आत्यानं सांगावं की हे होणार आहे, हा आजार नाही, विटाळ नाही. मुलाला बापानं शेताच्या वाटेवर चालता चालता सांगावं. बापाला जमत नसेल तर मामानं सांगावं. अगदी लहान लेकरांनाही आपल्या अंगाच्या सगळ्या भागांची साधी नावं शिकवावी आणि कुणी नको तिथं हात लावला तर ओरडायचं आणि घरी येऊन सांगायचं, हे बजावावं. ज्या भागाला नावच नाही, तिथं काय झालं हे लेकरू सांगणार कसं? मुलांसाठी सरकारनं १०९८ हा फोन ठेवला आहे, तोही पाठ करून घ्यावा.

आणि लग्न ठरलेल्या मुलाला एक गोष्ट मात्र गोठ्यातली नाही, घरातली शिकवा. जनावराला माज असतो, माणसाला मन असतं. बायको दमलेली आहे, दुखतंय म्हणते, आज नको म्हणते, तर ते ऐकायचं असतं. ऐकून घेणारा नवरा दुबळा ठरत नाही. माझ्या नाती आता मोठ्या होतायत. उद्या त्या ज्या घरात जातील, तिथं त्यांच्या दुखण्याची दखल निदान गाईइतकी तरी घेतली जावी, एवढंच माझं मागणं आहे. त्याची सुरुवात आपापल्या चुलीपासून करता येईल.