कोणाला वाचवा?

घरच्या मंडळींना ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी मी कोणाला सांगितली नव्हती. आज लिहूनच टाकतो.

गोष्ट २०१७ च्या आषाढीची. आमच्या गारखेड्यातल्या घरातली. आईच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम केबलच्या लोकल चॅनलवाल्यांनी आधी चित्रित करून नेला होता आणि एकादशीला रात्री आठ वाजता तो दाखवणार होते. पंचाईत अशी, की त्याच वेळी मंडळाचं भजन देवळात होतं. म्हणजे ज्या बायका टीव्हीवर दिसणार, त्याच बायका घरी नसणार! आई म्हणाली, "राहू दे, मी काय लता मंगेशकर आहे का?" पण बाबांनी मनावर घेतलं. "मी रेकॉर्ड करतो," म्हणाले.

औरंगाबादेत (तेव्हाचं नाव तेच) २०१३ साली केबल डिजिटल झाली आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. आमच्या पेटीला मागे पेनड्राइव्ह लावायची सोय होती. लावला की तीच पेटी रेकॉर्डर व्हायची. निदान खोक्यावर तरी तसं छापलेलं होतं.

मला आठवतो तो जुना व्हीसीआर. भाड्याने आणायचा, रात्रभर तीन-चार सिनेमे बघायचे आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी परत करायचा. त्याचं घड्याळ कायम १२:०० वर लुकलुकत असायचं. लाइट गेली की वेळ विसरायचा आणि ती पुन्हा लावायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही. पण त्याचं एक बरं होतं. रेकॉर्डचं बटण दाबलं की कॅसेट फिरताना दिसायची, आवाज यायचा. काम चालू आहे की नाही ते कळायचं. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि जगभरातलं त्याचं उत्पादन संपलं. लुकलुकणारं घड्याळ मात्र संपलं नाही, ते मेनूत जाऊन बसलं.

तर बाबांनी आदल्या दिवशी टायमर लावला. मेनूची भाषा मराठी केली, तर अर्धे शब्द मराठी झाले आणि अर्धे इंग्रजीच राहिले. शेवटी एक बटण आलं, त्यावर लिहिलं होतं, 'वाचवा'. बाबांनी मला पुण्याला फोन केला. "अरे, हे वाचवा म्हणतंय. कोणाला वाचवा?"

मी ऑफिसात होतो, घाईत होतो. "बाबा, सेव्ह हो सेव्ह! दाबा ते." मग म्हणाले, रोज की एकदाच ते विचारतंय, पण 'एकदाच' निवडता येत नाही. मी म्हटलं, "काहीतरी चुकीचं दाबत असाल. एवढं साधं आहे हो. शाळेतली पोरं करतात."

हीच ती न सांगितलेली अर्धी गोष्ट.

एकादशीला रात्री देवळातून सगळे घरी आले. पेनड्राइव्ह रिकामा. बाबांनी चार-पाच वेळा काढून लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी चॅनलवाल्यांकडे जाऊन आले, तर मूळ चित्रण पुसून त्यावर दुसरं काही भरलेलं. कार्यक्रम गेला तो गेलाच. आई काही बोलली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं."

त्यानंतर हळूहळू एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. एटीएममध्ये जाणं बंद. पैसे काढायला बँकेत रांगेत उभे राहायचे. फोनवर मेसेज आला की आईच्या हातात द्यायचे. काही नवीन दाखवायला गेलं की, "मला नाही जमायचं, तू गेल्यावर विसरेन." आम्हाला वाटलं, वय झालं. वयावर ढकललं की आपल्याला काही करावं लागत नाही, नाही का?

आता बाबा कोण, तर चिकलठाणा एमआयडीसीत आयुष्यभर क्वालिटीला काम केलेला माणूस. भोक तपासायला गेज असतं, त्याला दोन टोकं. गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो बाजू आत जाता कामा नये. मधलं काही नसतं. मायक्रॉनवरून सुपरवायझरशी भांडलेले आहेत ते. आणि त्या माणसाला एका पेटीने पटवून दिलं, की तुला काही येत नाही.

पेटीने एकटीने नाही. मीही होतोच त्यात.

दिवाळीत घरी गेलो. बाबा क्रीडा संकुलाकडे फिरायला गेले होते, म्हटलं तेवढ्यात टायमर लावून बघू. लावला. 'एकदाच' मलाही निवडता येईना. 'बदला' दाबलं की नुसती रिकामी चौकट यायची. एका पानावर 'लवकरच येत आहे' असं इंग्रजीत लिहिलेलं, चार वर्षं झाली तरी येतच होतं! शेवटी जरा शंका आली म्हणून मेन स्विच बंद करून चालू केला आणि चॅनल न लावता मेनू उघडला. तारीख दिसली, १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच.

हे मात्र मला माहीत होतं. बरेच कॉम्प्युटर सेकंद मोजतात ते १ जानेवारी १९७० पासून, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून. आपण साडेपाच तास पुढे. पेटीला स्वतःचं घड्याळ नव्हतं, चॅनल लागला की सिग्नलमधून ती वेळ उचलायची. एकादशीला दुपारी लाइट गेली होती, हे आईला नीट आठवत होतं, कारण साबुदाण्याच्या वड्यांचं मिक्सरमधलं कूट अर्धवट राहिलं होतं. लाइट आली, पण पेटी झोपलेलीच राहिली. रात्री आठ वाजता तिच्या लेखी १९७० सालच होतं.

बाबा आल्यावर दाखवलं. कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. "सत्तर साली मी सातवीत होतो," म्हणाले. "तेव्हा आमच्याकडे साधा रेडिओ नव्हता. हे कोणाचं भजन रेकॉर्ड करणार होतं?"

मग आत गेले, जुनी वही आणि चष्मा घेऊन आले. रकाने आखले. बाब, अपेक्षित, प्रत्यक्ष, शेरा. मी रिमोट दाबायचो, ते लिहायचे. दोन तास चाललं होतं. तेवीस बाबी तपासल्या, नऊ नापास. 'वाचवा' समोर शेरा लिहिला, 'शब्द चुकीचा, काम बरोबर.' न्याय तो न्याय! शेवटी खाली सही, तारीख आणि पुढे लाल पेनने, रिजेक्ट.

"पण ह्याला पास कोणी केलं?" हा त्यांचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पुस्तक लिहिलं. वस्तू नीट घडवलेली नसली तरी माणूस दोष स्वतःला देतो, असं तो म्हणतो. बाबांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना वहीवरून कळलं.

मी त्या दिवशी सॉरी म्हणालो. "ऑफिसात होतास तू," एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूतगिरणी चौकाकडे निघाले, एटीएमचं कार्ड घेऊन. मी सोबत येऊ का विचारलं नाही. तेवढं शहाणपण आलं होतं.

आईचं भजन परत मिळालं नाही, आणि ती चुटपुट कायमची आहे. त्या पेनड्राइव्हवर आहे ती आमच्या चाचणीची वीस मिनिटं, कुठल्याशा चॅनलवरच्या हवामानाच्या बातम्या. मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस वगैरे. पुसायचा प्रयत्न केला होता, पण 'पुसा' हे त्या नऊंपैकीच एक.