निकालाला वर्ष झालं, सोयाबीन तिथंच

शेतनोंद, 4 जून 2025, हिवरा आश्रम.

आज वावरात विशेष काम नाही. यंदा मे महिन्यातच पाऊस येऊन गेला, त्यामुळं काही जणांना पेरणीची घाई सुटली आहे. मी थांबलो आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत खोलवर ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, हे मी दुबार पेरणी करून शिकलेलो माणूस आहे. घरच्या बियाण्याची उगवण पाहायला ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवले होते. आज गोणपाट सोडलं. 74 उगवले. चालते.

दाणे मोजताना पोरगा म्हणाला, "बाबा, आज चार जून. गेल्या साली आजच लोकसभेचा निकाल लागला होता. तुमचं सोयाबीन इकाचं रायलं होतं, आठवते का?"

आठवते म्हणजे काय, वहीतच लिहून ठेवलं आहे. आज ती वही उघडली म्हणून ही नोंद. राजकारणावर या पानावर मी सहसा लिहीत नाही. पण हा हिशोब शेतीचाच आहे.

आधी माझी चूक सांगतो. 2023 च्या खरिपाचं 38 क्विंटल सोयाबीन घरात होतं. दिवाळीच्या सुमारास 5000 चा भाव चालू होता. शेजाऱ्यानं काटा करून पैसे मोकळे केले. मी नाही विकलं. माझं गणित असं की, येतं वर्ष लोकसभेचं आहे, मतं पाहिजेत म्हणून का होईना पण सरकार भाव चढवणारच. मोठ्या भावालाही हेच पटवून दिलं, त्यांनी बी 22 क्विंटल ठेवलं. फेब्रुवारी गेला, भाव खालीच. मतदान झालं, भाव तिथंच. शेवटी जूनच्या पहिल्या हप्त्यात बियाणं-खताला पैसे लागले तेव्हा 4350 नं विकलं. वाळून आणि मातेरं जाऊन 38 चं 37 क्विंटल 20 किलो भरलं. 1 लाख 90 हजाराच्या जागी 1 लाख 61 हजार 820 रुपये हाती आले. 28 हजार 180 रुपयांचा फटका. भावाचं नुकसान वेगळं. ते मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता मतदानाचं. आमच्या बुलडाणा मतदारसंघात 26 एप्रिल 2024 ला मतदान झालं. मुख्य लढत तिघांत. प्रतापराव जाधव आमच्या मेहकर तालुक्यातलेच, 2009 पासून खासदार, शिंदेंच्या शिवसेनेचे, चिन्ह धनुष्यबाण. नरेंद्र खेडेकर ठाकरेंच्या शिवसेनेचे, चिन्ह मशाल. आणि रविकांत तुपकर अपक्ष, सोयाबीन-कापसाच्या आंदोलनातून पुढं आलेले. वंचितचे वसंतराव मगर होते, आणखी बरेच होते.

आमच्या एका वाड्यात तीन पक्ष झाले होते. दादा तीस वर्षांपासून बाणावर बटण दाबणारे. म्हणायचे, "चिन्ह आपलं तेच हाये, माणूसबी तालुक्यातला हाये, मंग इचार काऊन करू?" त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, मशालीवाला. तो म्हणे चिन्ह राहिलं पण घर फुटलं ना. आणि माझा पोरगा अपक्षाच्या सभांना मोटरसायकलवर जाणारा. त्याचं म्हणणं, सोयाबीनचं नाव घेऊन जो रस्त्यावर आला त्यालाच मत. मी कोणाला दिलं ते सांगत नाही, घरातही सांगितलं नाही.

मतदानाच्या आधी आठ दिवस दादा आणि पुतण्याचं बोलणं बंद. आमची विहीर सामाईक. मोटर कोणी चालू करायची यावरून उन्हाळी भुईमूग माना टाकायला लागला. शेवटी वहिनी स्वतः रात्री अकराला बॅटरी घेऊन गेली, मोटर चालू करून आली आणि सकाळी दोघांना म्हणाली, "बाप्पा, खासदार दिल्लीत बसन, पाणी मलेच द्या लागन." त्यानंतर बोलणं सुरू झालं. विवेकानंद जयंतीच्या महापंगतीत आपण पुरी अन् वांग्याची भाजी मांडीला मांडी लावून खातो, शेजारच्याचा पक्ष कोणी विचारत नाही. निवडणुकीत मात्र वाड्यातल्या वाड्यात पंगत मोडते.

निकाल असा लागला. जाधव 3 लाख 49 हजार 867. खेडेकर 3 लाख 20 हजार 388. तुपकर 2 लाख 49 हजार 963. फरक 29 हजार 479 चा. एकूण झालेली मतं जवळपास अकरा लाख, म्हणजे निवडून येणाऱ्याला तीनातलं एक मतही पुरतं मिळालं नाही. त्यात बेकायदा काही नाही, आपली पद्धतच तशी आहे, ज्याला सगळ्यांपेक्षा जास्त तो जिंकला. जाधव पुढं केंद्रात राज्यमंत्री झाले, आयुष खातं मिळालं.

त्या रात्री पोरगा जेवला नाही. मला म्हणाला, "अडीच लाख लोकायनं सोयाबीनसाठी मत देलं, तरी काहीच नाही झालं." तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वर्षभर वही चाळून, बातम्या वाचून जे उमगलं ते लिहितो. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

शेती हा विषय राज्याचा, पण सोयाबीनच्या भावाच्या मोठ्या चाव्या दिल्लीत आहेत. पहिली चावी आयात शुल्क. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. शुल्क कमी झालं की बाहेरचं तेल स्वस्त येतं आणि आपला दाणा दबतो. दुसरी चावी ढेपीची. सोयाबीनमध्ये तेल फार तर 18-20 टक्के, बाकी सगळी ढेप. भाव खरा तिच्यावर चालतो. ऑगस्ट 2021 मध्ये 12 लाख टन ढेप आयात करायची परवानगी दिल्लीनंच दिली होती. आता मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो कोंबडीखाद्यात ढेपीच्या जागी स्वस्तात जातो. इथेनॉलचं धोरणही दिल्लीचंच. तिसरी चावी हमीभाव आणि त्या भावानं होणारी खरेदी.

आता तारखा पहा. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के झालं. त्यानंतर दोन महिन्यांत विधानसभा. त्या प्रचारात सोयाबीनला एका बाजूनं 6000, दुसऱ्या बाजूनं 7000 सांगितले. मतदानाच्या पाच दिवस आधी सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली. आणि आता मागच्याच हप्त्यात, 28 मेला हमीभाव 436 रुपयांनी वाढून 5328 झाला. लोकांनी मोबाईलवर अभिनंदनं पाठवली. दोनच दिवसांनी, 30 मेला, कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क 27.5 वरून 16.5 टक्क्यांवर आणलं. त्याचे मेसेज मला फार आले नाहीत. बाजारात आज भाव 4200 च्या आसपास आहे. कागदावर आणि काट्यावर अकराशेचा फरक.

मी हे तावातावानं घरात सांगितलं तर कारभारीण म्हणाली, "तेलाचा पुडा स्वस्त झाला तं मले बरंच हाये. तुमी इकाले गेले की कास्तकार, दुकानात गेले की गिऱ्हाईक." हेही खरंच आहे. देशात तेल विकत घेणारे सगळेच, सोयाबीन पिकवणारे थोडे. मतांचा हिशोब करणारा कोणताही पक्ष आधी तेल घेणाऱ्याकडं पाहतो. सत्तेत कोणी असो, हे ओढून धरलंच जाईल. म्हणून आपला माणूस तिथं बसून काय बोलतो याला किंमत आहे.

आणखी एक गोष्ट. सोयाबीन पिकवणारी मोठी राज्यं दोन, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र. भाव दोन्हीकडं सारखाच पडलेला. पण 2024 ला मध्य प्रदेशनं 29 च्या 29 जागा भाजपला दिल्या आणि महाराष्ट्रानं 48 पैकी 30 महाविकास आघाडीला. मग सोयाबीनच्या भावावर मतदान झालं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? दिल्लीत बसणाऱ्यालाही हे आकडे दिसतात. भाव पडल्यानं नक्की कोण पडतो हे त्याला कळत नसेल, तर तो भावाची धास्ती कशाला घेईल?

पोराला मी आता एवढंच सांगतो. तुझं मत वाया गेलं नाही. पण मत देण्याआधी तू, मी, दादा, कोणीच कोणत्या उमेदवाराला शुल्काबद्दल एक प्रश्न विचारला नाही. रस्ता विचारला, सभामंडप विचारला, लग्नाला आले होते का हे पाहिलं. रस्ता जिल्हा परिषदेला विचारायचा. घरचं बियाणं असलं तरी आपण शंभर दाणे मोजतो, कारण चुकलं तर हंगाम जातो. इथं तर पाच हंगाम जातात.

पुढच्या लोकसभेला मी सभेत तीनच प्रश्न विचारणार. ढेप आणि तेलाच्या आयातीवर तुम्ही संसदेत काय बोलणार? हमीभावानं आमचं सोयाबीन दाणा निघाल्याबरोबर घेणार की आम्ही व्यापाऱ्याला घालून झाल्यावर? आणि तुमचाच पक्ष शुल्क कमी करत असेल तर उठून उभे राहणार का? उत्तर वहीत लिहून ठेवणार, तारखेसकट. तिन्ही पक्षांचे लोक वाड्यात आहेतच, प्रत्येकानं आपापल्या उमेदवाराला विचारावं.

आणि माझ्यासारखी चूक करू नका. निवडणुकीच्या भरवशावर माल घरात ठेवू नका. यंदा मी ठरवलं आहे, एक हिस्सा सोंगणीनंतर विकायचा, एक हिस्सा बाजार समितीत तारण ठेवायचा (75 टक्क्यांपर्यंत उचल, सहा टक्के व्याज, सहा महिने), आणि उरलेला बियाण्यासाठी. दादालाही सांगितलं. ते म्हणाले, "या खेपी तू सांगशीन ते उलटं करतो." हसले, पण म्हणाले.

74 टक्के उगवणीला एकरी तीस किलो पुरेल असा माझा अंदाज. कृषीवाल्यांनी सांगावं, वाढवू का? बाकी पावसाची वाट पाहतो.