सरळ केसांची वाकडी वाट

पाचशे रुपयांच्या स्ट्रेटनरने केस सरळ होतात. चाळीस हजारांच्या मशिननेही होतात. मग मधले साडेएकोणचाळीस हजार नक्की जातात कुठे?

उत्तर शोधायला रात्री दोनपर्यंत मोबाइलवर रिव्ह्यू चाळत बसू नका. एक शनिवार काढा. (रविवार नको, घाऊक बाजार बहुतेक बंद असतो.) सीएसएमटीला उतरायचं, क्रॉफर्ड मार्केट गाठायचं, तिथून लोहार चाळीतून चालत मरीन लाइन्स, स्लो लोकलने लोअर परळ आणि शेवटी पॅलेडियम. एवढ्या एका फेरीत या वस्तूचा अख्खा बाजार पायाखालून जातो. पायांत फ्लोटर्स हवेत, पर्स पुढे धरायची आणि केस धुतलेले, पण अजिबात सेट न केलेले. का, ते पुढे कळेलच.

क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ साली बांधून झालेली, दारावर रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी, लॉकवूड किपलिंग यांनी केलेली शिल्पं. देशात पहिल्यांदा विजेचे दिवे लागलेली इमारत म्हणून १८८२ सालासकट हिचं नाव सांगितलं जातं. विजेवर चालणारी वस्तू घ्यायला याहून योग्य पत्ता कुठला! मंडईच्या आत फळं, सुकामेवा, चॉकलेटं. आपलं काम आजूबाजूच्या गल्ल्यांत आणि पलीकडच्या मनीष मार्केट-मुसाफिरखाना पट्ट्यात आहे.

इथे स्ट्रेटनर ट्रिमरच्या शेजारी, मोबाइल कव्हरच्या खाली, ढिगाने असतात. गुलाबी, जांभळे, चित्त्याच्या ठिपक्यांचे. भाव पाच-सातशेपासून सुरू होतो आणि तुम्ही दोन पावलं मागे सरकलात की खाली येतो. दुकानदाराचं पेटंट वाक्य एकच : ‘मॅडम, साडेचारसो डिग्री तक जाता है!’ समोरची मुलगी इम्प्रेस. आता जरा थांबा. हे साडेचारशे फॅरनहाइट असतात. आपल्या सेल्सिअसमध्ये झाले २३२. आणि कोरड्या केसातलं केराटिन, म्हणजे ज्या प्रोटीनचा केस बनलेला असतो ते, साधारण २३० अंशांच्या आसपास कायमचं बिघडतं. नुकसान त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. थोडक्यात, दुकानदार ज्याला फीचर म्हणून विकतोय ती खरं तर धोक्याची पाटी आहे.

बहुतेक स्वस्त पीसवर तर आकडाही नसतो. एक बटण, एक लाल दिवा. आत पीटीसी नावाचा हीटर असतो. तो तापला की त्याचा रोध वाढतो आणि आपोआप लगाम बसतो. म्हणजे मशिन बेफाम तापत सुटत नाही, हे खरं. पण लगाम बसला तो १८० वर की २२० वर, हे तुम्हाला कळायची सोय नाही. दुसरी गंमत म्हणजे दाट केसांची बट पकडली की प्लेट थंड पडते. मग तीच बट पुन्हा, पुन्हा आणि आणखी एकदा. केसांची वाट लावतो तो हा चौथा हात. मशिन स्वस्त पडतं, केसांना ते महाग जातं.

मशिन थंड असतानाच करायच्या तीन टेस्ट आहेत, दुकानदार कितीही कावला तरी करा. एक, स्ट्रेटनर मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. प्लेटांमधून उजेडाची रेघ दिसली तर तिथे केस नीट पकडला जाणार नाही. दोन, बोटाने प्लेट दाबा. ती स्प्रिंगवर किंचित हलायला हवी, नाही तर केस ओढला जातो. तीन, वायर जिथे दांड्यात शिरते तिथे ती गोल फिरते का बघा. स्वस्त मशिन सहसा आधी तिथेच मरतं. वायर पिळून पिळून तुटते आणि आपण ‘हीटर गेला’ म्हणून नवा आणतो.

हे नीट बघायचं असेल तर पुढच्या लोहार चाळीत शिरा. इथे वायर, स्विच, प्लग, बल्ब सोडून कुणी दुसरं बोलत नाही. फॅशनच्या नकाशावर ही गल्ली कधीच नसते, पण स्ट्रेटनर शेवटी एक विजेचं उपकरणच आहे. बरोबर घेतलेल्या पीसचा प्लग इथल्या माणसाला दाखवा. त्याच्या चेहऱ्यावरून निकाल कळतो. पीजीत राहणाऱ्यांसाठी खास सूचना : खोलीत एकच सॉकेट, त्यात एक्स्टेन्शन, त्यात इस्त्री, चार्जर आणि स्ट्रेटनर असा मनोरा रचत असाल तर केसांआधी त्या एक्स्टेन्शनवर चार पैसे खर्च करा.

प्रिन्सेस स्ट्रीटवरून मरीन लाइन्सकडे चालता चालता आणखी एक गोष्ट लक्षात येईल. जुलै-ऑगस्ट असेल तर लवकरच. आरशासमोर सरळ दिसणाऱ्या बटा स्टेशन येईपर्यंत पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातात. यात मशिनचा दोष नसतो. उष्णतेने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस सरळ असताना थंड झाला की ते त्याच आकारात पुन्हा जुळतात. पण हेच बंध पाण्यानेही सुटतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे लेडीज डब्याच्या दारात उभं राहणं हे केसांच्या दृष्टीने हलकेच भिजणं आहे. चाळीस हजारांचं मशिन असो की चारशेचं, या हवेपुढे दोघांचीही मात्रा चालत नाही. मला वाटतं, मुंबईकराने स्ट्रेटनर घेताना पहिल्यांदा हे पचवावं. दमट हवेत केस दिवसभर सरळ राहण्याची किंमत कुठल्याच टॅगवर नसते.

लोअर परळला उतरलात की जग बदलतं. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर आता फिनिक्स पॅलेडियम आहे. एसीचा गारवा, परफ्यूमचा वास आणि स्ट्रेटनर काचेच्या शेल्फवर, दागिन्यासारखा एकेकटा. इथे कुणी ‘साडेचारसो डिग्री’ म्हणत नाही. उलट महागड्या मशिनची गंमत अशी की, काहींवर आकडाच नसतो! २००१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या जीएचडीचा फंडा बघा. त्यांच्या साध्या मॉडेलला एकच तापमान, १८५ अंश. वर नाही, खाली नाही. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या पाचशेवाल्यालाही एक बटण आणि याच्या कैक पट महागालाही एक बटण. फरक इतकाच की, हा १८५ म्हणतो तेव्हा सेन्सर सतत प्लेट तपासत राहतो आणि दाट बट पकडली तरी आकडा ढळू देत नाही. एका हातात काम होतं. तुम्ही पैसे मोजता ते या भरवशाचे.

त्याच्या पुढची पायरी डायसन. २०२० च्या कोरेलमध्ये मँगनीज-तांब्याच्या लवचीक प्लेट आल्या, केसांभोवती वाकून बट एकत्र धरणाऱ्या. २०२३ च्या एअरस्ट्रेटने तर तापलेल्या प्लेटच काढून टाकल्या. ओले केस गरम हवेच्या झोतानेच वाळतात आणि सरळ होतात. ही नुसती चमकोगिरी नाही. साध्या स्ट्रेटनरने ओले केस धरले की चर्र आवाज येतो ना, ते केसाच्या आत उकळणारं पाणी असतं. वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि केसात पोकळ बुडबुडे तयार होतात. केराटिन बिघडण्याचा आकडाही ओल्या केसात दीडशेच्या आसपास उतरतो. सकाळी आठ बाराची लोकल पकडणाऱ्या, डोकं अर्धवट ओलं असतानाच स्ट्रेटनर फिरवणाऱ्या मुलींसाठी हे मशिन खरंच कामाचं आहे. फक्त त्यातल्या अनेकींचा ते अख्खा पगार खातं. काउंटरवरची मुलगी गोड हसून ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणेल. दहा मिनिटं आधी उठून केस वाळवणं हाही नो कॉस्टच आहे.

एक नाजूक मुद्दा. या दुकानात उभी असलेली प्रत्येक जण हौसेनेच आलेली असते असं नाही. ‘जरा प्रेझेंटेबल दिस’ हे वाक्य एचआरकडून, टीम लीडकडून, कधी घरूनही ऐकलेलं असतं आणि प्रेझेंटेबल म्हणजे सरळ, हे न बोलता ठरलेलं असतं. कुरळ्या केसांनी प्रेझेंटेशन बिघडल्याचं निदान मी तरी पाहिलेलं नाही. त्या एका वाक्यासाठी कुणी ईएमआय लावत असेल तर मला तो सौदा पटत नाही.

मग घ्यायचा कुठला? महिन्यातून दोनदा पार्टीला लागणार असेल तर दीड ते अडीच हजारांतला, नामांकित कंपनीचा, बिल-वॉरंटीसकट आणि मुख्य म्हणजे तापमान कमी-जास्त करता येणारा. पातळ किंवा कलर केलेल्या केसांसाठी १५०-१६० वर सुरुवात करा, दाट केसांना १८० पुष्कळ. उरलेल्या पैशांत हीट प्रोटेक्शन स्प्रेची बाटली येते, ती घ्याच. ऑटो-ऑफ असेल तर उत्तम. विरारहून निघालेली बाई बोरिवलीला ‘बंद केला का गं?’ म्हणत घरी फोन लावते, ते तरी वाचेल. केस दाट-कुरळे आहेत आणि रोजच्या रोज सरळ करायचेच आहेत, तर महागडा परवडतो, कारण रोजचे चार हात आणि रोजचा एक हात यांतला फरक वर्षभरात केसांच्या टोकांवर दिसतो. आणि गल्लीतली दोन-तीन हजारांची ‘फर्स्ट कॉपी’? सगळ्यात वाईट सौदा तोच. नाव महागाचं, आतला माल पाचशेचा आणि तक्रार करायला पत्ता नाही.

बाकी पॅलेडियममध्ये डेमो मिळाला तर एकाच बाजूचे केस करून घ्या. म्हणूनच केस सेट न करता या म्हटलं. कार्ड पर्सबाहेर काढू नका. तसंच बाहेर पडा, लोअर परळ स्टेशनपर्यंत चाला, एक वडापाव खा आणि मग फोनच्या कॅमेऱ्यात दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघा. मॉल रात्रीपर्यंत उघडा असतो, वाटलं तर परत जाता येतं.