डिस्कला द्या अपठित उतारा!

शिक्षक मित्रांनो, मुलांच्या ऑनलाइन चाचण्यांसाठी मी छोटा व्हीपीएस भाड्याने घेतलाय. ४० मुलं एकदम 'सबमिट' दाबतात, तेव्हा एकाचंही उत्तर अडकू नये, म्हणून त्याची डिस्क आधी तपासते.

पाठ केलेला धडा मूल घडाघडा म्हणतं. खरं वाचन कळतं अपठित उताऱ्यावर. डिस्कचंही तसंच. नुसत्या 'डीडी' कमांडने येणारा मोठा आकडा बऱ्याचदा रॅममधल्या कॅशचा असतो. त्यामुळे मी 'एफआयओ' वापरते: डायरेक्ट मोड, ४ केबीचे तुकडे, रँडम वाचन-लेखन. मुलांची उत्तरंही अशीच बारीक, विखुरलेली साठवली जातात.

त्याच डिस्कवर इतरांचे सर्व्हरही असतात, म्हणून सकाळी, दुपारी, रात्री मोजा. आणि सर्वांत जास्त लागलेला वेळ जरूर पाहा. सरासरीत मागे राहिलेलं मूल दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच!