सहा कांड्यांचं कोडं

आज पिकाचं काही नाही, लाकडाचं आहे.

आमच्या गावचे सुतारकाका आता पुण्यात, हडपसरला मुलाकडे असतात. वय ऐंशीच्या पुढे. लोखंडी पेरणीयंत्र आलं, गाडीला रबरी टायर आले, मग किकऱ्यावर कोण जगणार? गॅलरीत बसून सागाच्या तुकड्यांतून ते काहीबाही करत असतात. मागच्या खेपेला त्यांनी माझ्या हातात एक गोळा ठेवला. सहा चौकोनी कांड्या एकमेकींत अडकवलेल्या. खिळा नाही, सरस नाही.

"सोडव, आणि परत बसव. बसलं तर तिफणीचं बोलू."

इंग्रजीत या प्रकाराला 'बर' म्हणतात, म्हणजे धोतराला चिकटणारं गोखरू. दिसतंही तसंच. बिल कटलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात संगणकावर हिशोब केला: आत पोकळी न ठेवता अशा सहा कांड्या बसवण्याच्या पद्धती १,१९,९७९ निघतात. काकांच्या कोड्यात त्यातली एक.

सोडवणं सोपं गेलं. प्रत्येक कांडीचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, एक सरकली. तिला एकही खाच नव्हती, सरळ दांडी. ती निघाली की बाकी पाच हातात गळतात. खरी गंमत पुढे. एका रात्रीत चार कांड्या जमायच्या, पाचवी आडवी यायची.

मग उलटा विचार केला. बिनखाचेची दांडी शेवटी सरळ आत जाते, म्हणजे उरलेल्या पाचांनी मधे आरपार चौकोनी बोगदा सोडलाच पाहिजे. कांड्या तीन दिशांना, प्रत्येक दिशेला दोन. दांडीची जोडीदार कोण हे ठरलं की निम्मं काम झालं. सगळ्यांवर पेन्सिलीने आकडे टाकले, कुठली कुणाच्या खाचेत बसते ते वहीत लिहिलं. तिसऱ्या रात्री पाच बसल्या, बोगदा दिसला.

आणि दांडी जाईना! अर्ध्यात अडकली.

आषाढ होता. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, पण लांबीत जवळजवळ नाही, आडव्या अंगाने फुगतं. त्यातही वार्षिक वलयांच्या रेषेत ते जास्त, गाभ्याकडून सालीकडे साधारण निम्मंच. साग यात पुष्कळ शहाणा, तरी केसाएवढी फट ठेवलेल्या खाचेला तेवढं पुरतं. जुन्या माणसांना हे पाठ होतं. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक सैल झालं की ते ओढ्याच्या पाण्यात ठेवायचे, आरे फुगून घट्ट बसायचे. ठोकून घालायचा मोह झाला, पण फोन लावला. काका म्हणाले, "ठोकू नको, उन्हातही ठेवू नको, तडकेल. कोरड्यात ठेव." बियाण्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ते आठवडाभर ठेवलं. मग कडांना मेणबत्ती घासली आणि दांडी सर्रकन गेली.

ते घेऊन परत पुण्याला गेलो. काकांना रिक्षात घालून शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवलं. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, कुलपं, दरवाजे जमवले आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. अडकित्त्यांकडे काकांनी ढुंकून पाहिलं नाही. एका कोरीव दरवाज्यापुढे मात्र पंधरा मिनिटं उभे. नक्षी नाही, सांधे बघत होते. "हा उन्हाळ्यात केलेला दिसतोय," एवढंच बोलले. कशावरून, ते विचारलं तर हसले.

आता तिफणीचं. आमच्या जुन्या तिफणीचा एक फण सैल होऊन बियाणं कुठे खोल, कुठे वर पडतं. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून ते सांगतात आणि मी लिहून घेतो: पाचर कुठल्या बाजूने मारायची, खाच किती तिरपी ठेवायची. बाभळीचा ओंडका दोन वर्षं सावलीत वाळलाय. पावसाळ्यात हात लावायचा नाही म्हणाले. दिवाळी झाली की खाचा पाडायला घेतो. कुणाच्या गावात लाकडी तिफण भरणारे सुतार अजून असतील तर कमेंटमध्ये जरूर कळवा, काकांना फार बोलायचंय.